कुंपणाविषयी सल्ला कोणाचा?

शेताला कुंपण घालावयाचे झाले तर शहाणा शेतकरी आधी काय विचारतो? जनावर कोणत्या बाजूने शिरते, हे विचारतो. आणि विचारतो कोणाला? ज्याने रात्री माळ्यावर बसून रान राखले त्याला. तारेचे भेंडोळे विकणाऱ्याला नव्हे. आणि ज्याची गुरे रोज रात्री पिकात शिरतात त्याला तर मुळीच नव्हे! एवढी अक्कल आमच्या प्रत्येक कुणब्याच्या पोराला आहे. परंतु राज्याच्या कुंपणाची, म्हणजे पोलीस, बंदोबस्त व रयतेची सुरक्षितता यांची गोष्ट निघाली, की ही अक्कल मंत्रालयाच्या पायऱ्या चढत नाही असे दिसते. तेथे कुंपणाविषयी सल्ला देण्यास आयोग नेमतात, मंडळे नेमतात, समित्या नेमतात. आणि ज्याचे शेत त्याला सोडून बाकी सर्वांस पाट मांडतात.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, विषय रुक्ष आहे खरा. समित्यांची नावे ऐकली की माणसास जांभई येते, आणि ती यावी अशीच ती नावे ठेवलेली असतात. परंतु दरोडा पडतो तो तुमच्या वस्तीवर, दंडुका बसतो तो तुमच्या पाठीवर, दंगलीत जळते ती तुमच्या पोराची टपरी, आणि विषारी दारूने मरतो तो तुमच्या घरचा कर्ता. तेव्हा जांभई आवरून घटकाभर ऐका.

आपल्या नगर जिल्ह्यास, ज्यास २०२४ पासून सरकारी कागदोपत्री अहिल्यानगर म्हणतात, हा अनुभव नवा नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणबी सावकारांच्या दारात गोळा झाला आणि त्याने कर्जरोखे मागून घेऊन जाळले. माणसांच्या जिवावर तो फारसा उठला नाही. तो कागदावर उठला, कारण कागदानेच त्याची जमीन खाल्ली होती. सरकारने प्रथम काय केले? फौज धाडली, धरपकड केली. मग चौकशीस एक कमिशन नेमले. त्या कमिशनात नांगर धरणारा एकही इसम नव्हता. तरीही चौकशी गावोगाव पोचली तेव्हा जे बाहेर आले ते हे, की बंडाचे मूळ कुणब्याच्या दुष्ट स्वभावात नसून रोख्यांत, व्याजात व दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यांत आहे. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तात्पर्य काय? शांतता बंदुकीने येत नाही, दुखणे ओळखल्याने येते. आणि दुखणे ज्याचे त्याला विचारल्याशिवाय ते ओळखता येत नाही. कोणी म्हणेल, ते परक्यांचे राज्य होते. होय, होते. मग परके गेले तरी पद्धत का उरावी?

आता गावगाड्यातली जुनी राखण पाहा. जागल्या रात्रभर फिरे. चोरी झाली तर तो चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. शिवेवर पुढच्या गावचा राखणदार तो माग हाती घेई. ज्या गावच्या हद्दीत माग हरवे, त्या गावावर व त्याच्या राखणदारावर भरपाईचा बोजा पडे. त्या व्यवस्थेची आम्हांस मुळीच हौस नाही. तीत राखण जन्मावर लादलेली होती, मोबदल्यात तुकडा होता आणि पाठीवर वेठ होती. पुढे तर ज्या रामोशी, भिल्ल व पारधी जमातींच्या डोळ्यांवर व पायांवर गावे निजत होती, त्यांपैकी कित्येकांना सरकारने गुन्हेगार जमात ठरवून हजेरीला बसवले. १८७१ सालचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला खरा. परंतु चोरी झाली की आधी पारध्याची पाले उलटीपालटी करावयाची, ही पोलिसी खोड कायद्याबरोबर रद्द झाली नाही. त्या जुन्या रीतीतली एकच गोष्ट आम्ही उचलतो: राखणीचा बोलबाला करणाऱ्यावर राखणीची जबाबदारीही होती. माग हरवला तर कोणाच्या हद्दीत हरवला, हे सांगता येत होते. आजच्या समित्यांत माग कोठे हरवतो, ते कोणालाच सांगता येत नाही.

पहिला माग राज्य सुरक्षा आयोगाचा काढू. १९७७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. आणीबाणीत पोलीस खाते राज्यकर्त्यांच्या हातचे काठी-खेळणे कसे झाले, हे देशाने नुकतेच पाहिले होते. त्या आयोगाने १९७९ साली सुचवले, की प्रत्येक राज्यात एक सुरक्षा आयोग असावा. त्याने पोलिसांचे व्यापक धोरण आखावे, त्यांचे काम तपासावे, आणि मंत्र्याच्या एका टेलिफोनवर ठाणेदाराने कोणास धरावे व कोणास सोडावे ही चाल मोडावी. ती शिफारस कपाटात पडली. १९९६ साली प्रकाश सिंह आदी निवृत्त पोलीस अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सर्व राज्यांस हुकूम दिला, की असा आयोग स्थापा आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असू द्या. आपल्या राज्याने कायदा केला तो २०१४ साली. म्हणजे सूचनेपासून कायद्यापर्यंत पस्तीस वर्षे! एवढ्या वेळात बांधावर लावलेले आंब्याचे रोप नातवाच्या हाती फळ देते.

आणि फळ कसले लागले ते पाहा. आयोगाचा अध्यक्ष गृहमंत्री. म्हणजे ज्याच्या हातापासून पोलिसांस वाचवावयाचे, तोच वाचवणाऱ्यांचा पुढारी. सदस्य कोण? मुख्य सचिव, गृह खात्याचे सचिव, आणि सदस्य-सचिव म्हणून पोलीस महासंचालक. पाच बिनसरकारी माणसे आहेत, परंतु ती नेमणार सरकारच. एकटा विरोधी पक्षनेता काय तो सरकारच्या पंक्तीबाहेरचा. आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत ती खुर्ची कित्येक महिने रिकामीच राहिली. आता कळस! न्यायालयाने शिफारशी बंधनकारक म्हटल्या होत्या, आपल्या कायद्याने त्या सल्लागार स्वरूपाच्या केल्या. म्हणजे गृहमंत्र्याने अध्यक्ष म्हणून सल्ला द्यावा, आणि तोच सल्ला मंत्री म्हणून बाजूस सारावा. एकाच माणसाने दोन पगड्या आलटून पालटून घालाव्या, आणि रयतेने दोन्ही पगड्यांना मुजरा करावा!

पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणाऱ्या प्राधिकरणाचेही तसेच. न्यायालयाने म्हटले, ते जिल्ह्याजिल्ह्यात असावे. आपल्या कायद्याने राज्यपातळीवर एक ठेवले आणि त्याखाली जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. नगर जिल्हा नाशिक विभागात. जामखेडच्या मजुरास ठाण्यात मार बसला, तर त्याने नगर ओलांडून, रोज बुडवून, दोनशे किलोमीटरांवर नाशिकाकडे दाद मागावी काय? तेवढे भाडे त्याच्याजवळ असते तर त्याला मारण्याची कोणाची छाती झाली असती? दार उघडे ठेवायचे, पण उंबरा माणसाच्या डोक्याएवढा करायचा, ही ती युक्ती आहे.

आता सर्वांत नवे मंडळ पाहू. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. नक्षलवादी संघटनांचा शहरी व ग्रामीण पसारा मोडण्यासाठी ते आहे, असे सरकारचे म्हणणे. गडचिरोलीच्या रानात आदिवासी व पोलीस शिपाई दोघेही मेले आहेत आणि दोघेही आपल्यासारख्याच घरांतले आहेत. सबब हिंसेचा बंदोबस्त नको असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु एखादी संघटना बेकायदेशीर ठरवताना सरकारचा हात आवरावा म्हणून जे सल्लागार मंडळ योजले, त्याची रचना कशी? उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, आणि तिसरा सभासद उच्च न्यायालयातला सरकारी वकील! संघटनेवर आरोप सरकार करणार, आणि आरोप खरा की खोटा ते पाहणाऱ्या तिघांत सरकारचा वकील बसणार. आमच्या गावात बांधाचा तंटा निघाला आणि वादीच्या वकिलास पंच नेमले, तर पोरेसोरेसुद्धा हसतील. दुधाच्या भावासाठी, उसाच्या बिलासाठी, पाण्याच्या आवर्तनासाठी रस्त्यावर बसणाऱ्या संघटना या जिल्ह्यात थोड्या नाहीत. उद्या त्यांपैकी एखादीवर कोणाची वक्रदृष्टी झाली, तर तिचा न्याय कोणापुढे होणार, हे विचारणे राजद्रोह नव्हे. ते शहाणपण आहे.

हे झाले मुंबईचे. आता आपल्या अंगणात येऊ. २०१३ च्या आरंभी सोनईत सफाईचे काम करणाऱ्या समाजातील तीन तरुणांचा खून झाला. खटला नगरात न चालवता नाशिकास न्यावा लागला, आणि २०१८ साली तेथे शिक्षा झाली. २०१४ साली खर्ड्यात एका दलित मुलाचा खून झाला. २०१६ साली कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने कोपर्डीच्या तिघा आरोपींस फाशीची शिक्षा दिली. त्याच महिन्यात त्याच नगरात खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. न्यायालय पुराव्यावर निकाल देते. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न न्यायालयाच्या अलीकडचा आहे. गावात साक्षीदाराच्या घरावर रात्री कोण जाते, त्याचे दळण-पाणी कोण तोडते, त्याला मजुरी कोण नाकारतो, हे पाहणे कोणाचे काम होते?

ते काम करणारी समिती कागदावर आहे! अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत राज्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती आहे. तिने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, बसावे असे लिहिले आहे. जिल्ह्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे. तिने तीन महिन्यांतून निदान एकदा बसावे, पीडितांस मदत मिळाली की नाही व खटले कोठे अडले ते तपासावे, असे लिहिले आहे. वाचकहो, तुमच्या तालुक्यातले कोण त्या समितीवर आहे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? तिची मागची बैठक केव्हा झाली, हे तुमच्या गावच्या फलकावर कधी लागले काय? ज्या समितीचे नाव पीडितास ठाऊक नाही, ती पीडितासाठी नाही. ती फायलीसाठी आहे.

गावातल्या समित्यांचीही हीच गत. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला. बांधाचा, पाटाच्या पाण्याचा, भाऊबंदकीचा तंटा कोर्टात वीस वर्षे कुजण्यापेक्षा पारावर मिटलेला बरा. पुष्कळ गावांनी तो मिटवलाही. परंतु बक्षीस लागले ते तंटा नसल्याबद्दल. मग ज्या गावात बळकट घराची मानगुटी दुबळ्याच्या घरावर आहे, तेथे तक्रार करणारी विधवा ही बक्षिसाची वैरीण ठरते. न्याय झाल्याने तंटा मिटणे वेगळे आणि तोंड दाबल्याने मिटणे वेगळे. दोन्ही अहवालात एकाच रकान्यात मोजले जातात!

दारूचे पाहा. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आग्रहाने २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. पुढे अवघ्या काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने माणसे मेली. तपासात त्या दारूचे धागे नगरच्या सरकारी इस्पितळातल्या उपाहारगृहापर्यंत गेले. जेथे माणसे वाचवावयाची त्याच आवारात माणसे मारण्याचे औषध! पांगरमलच्या बायांना गावात दारू कोण आणतो हे ठाऊक नव्हते काय? गावोगावच्या बायांना ते ठाऊक असते. पण ठाऊक असणाऱ्यास विचारणारे कोणी नव्हते.

आणि सणावाराच्या शांतता समित्या? गणपती, मोहरम, जयंती जवळ आली की ठाण्यात खुर्च्या मांडतात. तेच पांढरे कपडे, तेच चार पुढारी, चहा, बिस्किट, फोटो. मे २०२३ मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, दुकाने व गाड्या फुटल्या. ज्यांचे नुकसान झाले त्यांतल्या किती हातगाडीवाल्यांना अशा खुर्चीवर कधी बसवले होते?

कोणी म्हणेल, तुम्ही नुसती नावे ठेवता. चांगली समिती कोठे झाली ते दाखवा. दाखवतो. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव, विणकरांचे व मजुरांचे. १९७० व १९८४ साली तेथे भयंकर दंगली झाल्या. पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी पुढाऱ्यांच्या शांतता समितीचा नाद सोडला आणि गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत माग चालवणारा, पानवाला, किराणा विकणारा, हिंदू व मुसलमान शेजारी शेजारी बसले. आणि साध्या शिपायांवर व जमादारांवर त्या चालवण्याची जबाबदारी टाकली. सण नसतानाही त्या बसत. गटाराचे भांडण, नळाचे भांडण, पोरींच्या छेडछाडीची तक्रार तेथे निघे. म्हणून एकमेकांची तोंडे ओळखीची झाली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली! जे शहाणपण मोठमोठ्या अहवालांत सापडले नाही, ते मागाच्या खटखटीत सापडले. आणि त्याच मुंबईच्या दंगलीची चौकशी करून न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी अहवाल दिला, तो १९९८ साली त्या वेळच्या सरकारने नाकारला. एका ठिकाणी विणकराचे ऐकले, रक्त वाचले. दुसऱ्या ठिकाणी न्यायमूर्तीचेही ऐकले नाही.

आमच्यावर तीन आक्षेप येतील, त्यांची उत्तरे देऊन ठेवतो. पहिला: अडाणी शेतकऱ्यास सुरक्षेतले काय कळते? भिवंडीने त्याचे उत्तर दिले आहे. ज्याच्या घरास कडी नाही, त्याला चोराची वाट सर्वांच्या आधी कळते. दुसरा: सुरक्षेच्या गोष्टी गुप्त असतात, त्या चव्हाट्यावर कशा आणाव्या? खबऱ्याचे नाव कोण मागतो? छाप्याची वेळ कोण मागतो? आम्ही मागतो ते बैठकीची तारीख, सदस्यांची नावे, आणि दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: लोकांनी निवडलेल्या सरकारच्या डोक्यावर न निवडलेली मंडळे कशाला? हे खरे, की राज्य चालवण्याचा अधिकार निवडून आलेल्यांचाच. म्हणून प्रत्येक सल्ला डोळे मिटून मानावा, असे आमचे म्हणणे नाही. सल्ला नाकारावयाचा तर खुशाल नाकारा. पण का नाकारला ते लेखी सांगा आणि विधिमंडळाच्या मेजावर ठेवा. ज्याला कारण देण्याची लाज वाटते, त्याचे कारण लाजिरवाणे असते.

म्हणून आमचे मागणे थोडके व स्पष्ट आहे. राज्याच्या सुरक्षा आयोगातील बिनसरकारी माणसे मंत्र्याने एकट्याने न निवडता, विरोधी पक्ष व न्यायखाते यांच्यासह मिळून निवडावी. त्यांत स्त्रिया, शेतमजूर, कारागीर व भटक्या-विमुक्त जमातींची माणसे असावी. जनसुरक्षेच्या सल्लागार मंडळातून सरकारी वकील उठवावा. तक्रार प्राधिकरणाने नाशिकात वाट पाहत न बसता दर महिन्यास नगरात येऊन ऐकावे. जिल्ह्याच्या दक्षता समितीची नावे व तारखा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्या. आणि शांतता समितीत खुर्च्या मांडताना निम्म्या खुर्च्या अशा माणसांस द्याव्या, ज्यांचे दुकान रस्त्यावर आहे आणि विमा नाही.

परंतु बंधुभगिनींनो, मागितल्याने मिळते ते भिकेपुरते. हक्क बजावावा लागतो. २००५ चा माहितीचा कायदा आहे, आणि तो मागण्यात आपल्या पारनेर तालुक्याचा वाटा मोठा आहे. दहा रुपयांचे तिकीट अर्जाला लावा आणि जिल्हाधिकारी कचेरीस विचारा: दक्षता समिती गेल्या तीन वर्षांत किती वेळा बसली, कोण हजर होते, कोणते खटले पुढे आले? उत्तर आले तर पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. उत्तर न आले तर तेही मोठ्याने सांगा. ग्रामसभेस बाया आणा. ग्रामरक्षक दल मागा, आणि त्यात पुढाऱ्याचा भाचा न घालता ज्या बाईने स्वतःच्या दारातली दारूची बाटली फोडली आहे तिला घाला. पारध्याच्या पालावर राहणाऱ्यासही त्या सभेत जागा द्या. गावाबाहेर ठेवलेला माणूस गाव राखीत नाही, आणि ज्यास आपण चोर म्हणून हाका मारतो त्याने साक्षीदार व्हावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

सरकार सल्ला घेणार आहे, हे ठरलेले आहे. न घेतल्यासारखा घेणार की घेतल्यासारखा, एवढाच प्रश्न आहे. आणि तो मंत्रालयात सुटण्याआधी तुमच्या चावडीवर सुटावा लागेल. रान आपले आहे. कोणत्या बाजूने जनावर शिरते, ते आपण पाहिले आहे. आता ते बोलून दाखवले पाहिजे.